घरच्या घरीं बदकांचीं अंडीं उबविणें व पिलांची जोपासना

कोंकणपट्टींत पाण्याला तोटा नाहीं, भातखाचरांना तोटा नाहीं, आणि खाचरांतील गोगलगाई, किडे व बारीक खेंकडे यांनाहि तोटा नाहीं. बदकाला जें जें पाहिजे तें सारें येथें आयतें आहे. असें असूनहि आपल्या वाड्यांतून कोंबडी घरोघर आढळते आणि बदक मात्र शोधावें लागतें. बंगाल, आसाम व केरळ या भातपिकाच्या मुलखांत बदक हें शेतकऱ्याच्या घरचें नित्याचें जनावर आहे. आपल्याकडे तें हौसेपुरतेंच राहिलें.

याचें कारण हवेंत किंवा जमिनींत नाहीं. आपल्यापैकीं ज्यांनीं हा प्रयत्न करून पाहिला, त्यांपैकीं बहुतेकांची हकीकत एकच असते. कोणाकडून तरी दहा-बारा अंडीं आणलीं, खुडूक कोंबडीखालीं ठेवलीं, महिनाभर वाट पाहिली, आणि हातीं दोन-तीन पिलें लागलीं. तींहि पंधरवड्यांत गेलीं. मग "आपल्या हवेंत बदक होत नाहीं" असा निकाल देऊन तो नाद सोडण्यांत आला. प्रस्तुत लेखकाचाहि पहिल्या वर्षाचा अनुभव याहून निराळा नव्हता, आणि त्यांतील एक चूक तर बरीच महाग पडली. ती पुढें योग्य स्थळीं सांगितली आहे.

मूळ दोष असा कीं, आपण बदकाला मोठी कोंबडी समजतों. तसें तें नाहीं. कोंबडीचें अंडें २१ दिवसांत फुटतें, बदकाचें २८ दिवसांत. कोंबडीच्या अंड्यांतील ओलाव्याकडे घरगुती रवणींत कोणी लक्ष देत नाहीं व तरीहि काम भागतें. बदकाच्या अंड्याचें यश त्या ओलाव्याच्या हिशेबावरच पुष्कळसें अवलंबून असतें. आणि कोंबडीच्या पिलाला जें खाद्य केवळ कमी मानवतें, तें बदकाच्या पिलाला जिवावर बेततें. या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या, तर बाकीचें काम कोंबडी पाळणाऱ्या कोणाहि गृहिणीला सहज साधण्यासारखें आहे.

जातीची निवड

हिवाळ्यांत उत्तरेकडून आपल्या तळ्यांवर जीं रानबदकें येतात, त्यांत हिरव्या डोक्याच्या नराची एक जात असते. जगांतील बहुतेक पाळीव बदकें त्याच जातीपासून निघालीं आहेत. त्यांत अंड्यांसाठीं सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे खाकी कॅम्पबेल होय. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांतील उली या गांवीं राहणाऱ्या मिसेस अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन रनर, रूआं व रानबदक यांच्या संकरांतून ती तयार केली. उत्तम निगेंत या जातीची मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडीं देते. घरगुती निगेंत याहून पुष्कळ कमी धरावीं, हें शहाणपणाचें. अंड्याचें वजन ६५ ते ७० ग्रॅम भरतें.

मांसासाठीं पांढरी पेकिन ही जात वाढविली जाते. ती मूळची चीनची असून १८७३ सालीं अमेरिकेंत गेली व तेथून सर्वत्र पसरली. ती झपाट्यानें वाढते, पण तिला खाद्य पुष्कळ लागतें. केरळांतील कुट्टनाड भागांत चारा व चेंबल्ली या नांवाच्या देशी जाती आहेत. त्या काटक असून चरून पोट भरण्यांत पटाईत असतात.

मस्कव्ही नांवाचें जें तोंडावर तांबड्या गांठी असलेलें बदक कांहीं ठिकाणीं दिसतें, तें वास्तविक निराळ्याच कुळाचें असून मूळचें दक्षिण अमेरिकेचें आहे. त्याचीं अंडीं फुटण्यास ३३ ते ३५ दिवस लागतात. तें स्वतः अंड्यांवर उत्तम बसतें. परंतु इतर बदकांशीं त्याचा संकर झाल्यास होणारी संतति वांझ निपजते. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र पाळूं नयेत.

ज्याला घरापुरतीं व थोडीं विक्रीपुरतीं अंडीं पाहिजेत, त्यानें खाकी कॅम्पबेल किंवा तिचा रक्तांश असलेलीं गांवठी बदकें निवडावीं. मात्र या जातीची मादी अंडीं देण्यांत जितकी तरबेज, तितकीच तीं उबविण्यांत बेफिकीर असते. ती सहसा खुडूक होत नाहीं. म्हणून दाई म्हणून कोंबडीच घ्यावी लागते.

अंडीं कोणतीं ठेवावीं

बाजारांतील अंडीं उबविण्यास घेऊं नयेत. केवळ अंड्यांसाठीं पाळलेल्या कळपांत नर नसतोच, आणि बाजारांत अंडें येईपर्यंत तें शिळेंहि होतें. ज्याच्याकडे पांच ते सात माद्यांमागें एक नर आहे, अशा माहितीच्या माणसाकडून किंवा सरकारी संवर्धनकेंद्राकडून अंडीं आणावीं.

बदक अंडीं घालतें तें बहुधा पहांटेस. म्हणून सकाळीं नऊ वाजेपर्यंत बदकें खुराड्यांत कोंडून ठेवावीं. नाहींतर अंडीं तळ्याच्या कांठीं, गवतांत किंवा पाण्यांतहि पडतात. खुराड्यांत स्वच्छ पेंढा पसरलेला असावा. चिखलानें माखलेलें अंडें थंड पाण्यानें धुण्याची चाल फार वाईट. अंड्याच्या कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. उबदार अंडें थंड पाण्यांत बुडतांच आंतील पदार्थ आंकुंचन पावतो आणि बाहेरची घाण त्या छिद्रांतून आंत ओढली जाते. असें अंडें पुढें सडून उबेमध्यें फुटतें व शेजारचीं अंडींहि बिघडवितें. थोडी घाण असेल तर कोरड्या खरखरीत फडक्यानें पुसावी. फार घाण असेल तें अंडें खाण्यास घ्यावें, उबविण्यास नव्हे.

फार लहान, फार मोठें, लांबुडकें, पातळ कवचाचें अथवा चीर गेलेलें अंडें वगळावें. ठेवणीचीं अंडीं घरांतील सर्वांत थंड कोपऱ्यांत, रुंद टोंक वर करून ठेवावीं. सात दिवसांच्या आंतील अंडें उत्तम, दहा दिवसांपर्यंतचें चालेल. त्याहून शिळ्या अंड्यावर कोंबडीचा महिना फुकट घालवूं नये. लांबून आणलेलीं अंडीं एक दिवस स्थिर ठेवून मगच बसवावीं.

कोंबडीखालीं रवण

दाई म्हणून घेतलेली कोंबडी नुकतीच खुडूक झालेली, भरदार अंगाची व शांत स्वभावाची असावी. तिला २८ दिवस बसावयाचें आहे हें विसरूं नये. दहा दिवस आधींच खुडूक असलेली कोंबडी शेवटच्या आठवड्यांत कंटाळून उठण्याचा संभव असतो. प्रथम दोन-तीन दिवस तिला कोंबडीच्याच दोन अंड्यांवर बसवून तिची परीक्षा घ्यावी. मग रात्रीं अंधारांत बदकाचीं अंडीं तिच्याखालीं सारावीं. लहान कोंबडीखालीं आठ, मोठीखालीं दहा, याहून अधिक अंडीं ठेवूं नयेत. ज्या कोंबडीखालीं बारा अंडीं ठेवलीं, तिच्याखालीं कडेचीं दोन-तीन नेहमी उघडीं पडतात. तींच दोन-तीन असतीं तर एवढेंच नुकसान झालें असतें. परंतु कोंबडी अंड्यांची अदलाबदल करीत असल्यामुळें आज हीं, उद्यां तीं, अशी आळीपाळीनें सर्वच थंडावतात.

रवणीची टोपली खोलगट असावी. तळाशीं ओलसर माती, तिच्यावर पेंढा, अशी रचना केल्यास खालून थोडा ओलावा मिळत राहतो. कोंबडीच्या अंगावरील उवा-पिसवा नाहींशा करण्यासाठीं बसविण्यापूर्वीं तिला राखेंत लोळूं द्यावें. रोज सकाळीं एकदां तिला पंधरा-वीस मिनिटें उठवून दाणा-पाणी द्यावें.

बदकाचें अंडें कोंबडीच्या अंड्याहून मोठें व जड. तें तिच्या चोंचीनें नीट उलटत नाहीं. म्हणून अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस पूज्य काढावें, आणि कोंबडी उठली असतां व सायंकाळीं पुन्हां एकदां सर्व अंडीं हातानें उलटावीं. न उलटलेल्या अंड्यांत गर्भ कवचाच्या आंतील पडद्याला चिकटतो व मरतो. पंचविसाव्या दिवसापासून मात्र उलटणें बंद करावें. त्या वेळीं पिलूं बाहेर पडण्यासाठीं आपलें डोकें योग्य बाजूस वळवीत असतें.

ओलाव्याचा हिशेब

मादी बदक रवणीवरून उठून पाण्यांत जातें व ओल्या पिसांनीं परत येऊन बसतें. त्यामुळें अंड्यांना रोज थोडें पाणी लागतें. कोंबडी कोरड्या अंगानें बसते. ही उणीव आपण भरून काढावयाची असते. आठव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत, कोंबडी उठली असतां, अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. पाणी कोमटच असावें, थंड नको.

परंतु शिडकावा किती करावा हें सर्वत्र सारखें नाहीं. देशावर उन्हाळ्यांत हवा अत्यंत कोरडी असते. तेथें शिडकावा रोज पाहिजे. कोंकणांत जून-जुलैंत हवाच पाण्यानें भरलेली असते. तेथें रोज शिडकावा केल्यास उलट अपाय होतो. याचें कारण असें. उबेच्या काळांत अंड्यांतील कांहीं पाणी वाफ होऊन बाहेर गेलेंच पाहिजे, म्हणजे रुंद टोंकाकडील हवेची पोकळी वाढते. शेवटच्या दोन दिवसांत पिलूं पहिला श्वास त्या पोकळींतच घेतें. पाणी फार गेलें तर आंतील पडदा सुकून पिलाला चिकटतो व त्याला वळतां येत नाहीं. पाणी फार थोडें गेलें तर पोकळी लहान राहून पिलूं कवचांतच गुदमरतें. दोन्ही प्रकारांत आपल्याला दिसतें तें एकच: पूर्ण वाढलेलें, परंतु अंड्यांतच मेलेलें पिलूं. आणि आपण दोष देतों कोंबडीला!

हा हिशेब ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे वजन. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचें वजन शेंकडा १२ ते १४ नीं घटावें. दहा अंडीं आरंभीं ७०० ग्रॅम भरलीं असतील, तर सातव्या दिवशीं तीं सुमारें ६७५, चौदाव्या दिवशीं ६५० व पंचविसाव्या दिवशीं ६१० ग्रॅम भरावीं. वजन याहून बरेंच कमी झालें, तर शिडकावा वाढवावा. घट पुरेशी नसेल, तर शिडकावा थांबवावा. वजन करतांना मधल्या काळांत काढून टाकलेल्या अंड्यांचा हिशेब धरण्यास विसरूं नये. घरांतील साधा वजनकांटा यास पुरतो, आणि पांच मिनिटांच्या या कामानें महिन्याचें श्रम वाचतात.

अंडीं पारखणें

बदकाच्या अंड्याचें कवच बहुधा पांढरें किंवा फिकट हिरवट असल्यामुळें पारखण्यास सोपें. सातव्या रात्रीं अंधाऱ्या खोलींत, हाताच्या मुठींतून विजेरीच्या प्रकाशासमोर अंडें धरावें. जिवंत अंड्यांत मध्यें काळसर ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या दिसतात. स्वच्छ दिसणारें अंडें वांझ होय. तांबडी कडी दिसल्यास गर्भ मेला असें समजावें. अशीं अंडीं तत्काळ काढावीं. चौदाव्या दिवशीं पुन्हां पारखावें. पंचविसाव्या दिवशीं चांगलें अंडें हवेच्या पोकळीशिवाय सर्वत्र काळें दिसतें, आणि ती पोकळी अंड्याच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढी असते.

यंत्रानें व तुसांत उबविणें

अंडीं पन्नास-शंभर असतील, तर विजेच्या पेटीचा उपयोग करावा. पंखा असलेल्या पेटींत उष्णता ९९॥ अंश फॅरनहाइट (३७॥ अंश सेल्सिअस) ठेवावी. पंखा नसलेल्या पेटींत अंड्यांच्या माथ्याशीं १०१ ते १०२ अंश. पहिले पंचवीस दिवस हवेंतील ओलावा शेंकडा ५५ ते ६० व शेवटचे तीन दिवस ७० च्या वर असावा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटें पेटी उघडून अंडीं निववावीं. ज्या गांवीं वीज वारंवार जाते, तेथें पेटीवर सर्वस्वी विसंबूं नये. एक-दोन खुडूक कोंबड्या हाताशीं ठेवाव्या.

बंगालकडे भाताच्या तुसांत अंडीं उबविण्याची जुनी रीत आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. बांबूच्या चटईच्या उभ्या नळकांड्याभोंवतीं तूस ठासून भरतात, आणि उन्हांत अथवा दिव्यानें तापविलेलीं अंडीं कापडांत बांधून त्या नळकांड्यांत थरांनीं रचतात. गर्भ सुमारें दोन आठवड्यांचा झाला कीं तो स्वतःच उष्णता देऊं लागतो. मग जुन्या अंड्यांच्या उबेवर नवीं अंडीं पोसलीं जातात. सतरा-अठरा दिवसांनंतर अंडीं बाहेर काढून गोधडीखालीं पसरतात व तेथेंच तीं फुटतात. या रीतींत यंत्र नाहीं, पण अंडें गालाला लावून त्याची ऊब ओळखण्याचा अभ्यास पाहिजे. तो अभ्यास एका हंगामांत येत नाहीं. म्हणून नवशिक्यानें कोंबडीपासूनच आरंभ करावा.

पिलें बाहेर पडतांना

सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशीं अंड्यांतून आवाज येऊं लागतो व कवचावर लहानशी चीर दिसते. चीर दिसल्यापासून पिलूं पूर्ण बाहेर येण्यास एक दिवस, कधीं दीड-दोन दिवसहि लागतात. कोंबडीचें पिलूं याहून लवकर निघतें. म्हणून पाहणाऱ्याला धीर धरवत नाहीं आणि तो कवच सोलूं लागतो. असें कदापि करूं नये. त्या अवधींत पडद्यांतील रक्त पिलाच्या अंगांत परत जात असतें व उरलेला बलक पोटांत ओढला जात असतो. कवच अकालीं सोललें, तर रक्तस्राव होऊन पिलूं मरतें.

जीं पिलें आधीं निघतात, तीं कोरडीं झालीं कीं उबदार टोपलींत घ्यावीं. नाहींतर त्यांच्यामागें कोंबडी उठते व मागचीं अंडीं थंड पडतात. पोटांतील बलकावर पिलूं एक-दोन दिवस सहज काढतें; खाद्याची घाई करूं नये.

ऊब व जागा

कोंबडी पिलें घेऊन फिरत असेल, तर ऊब देण्याची चिंता नाहीं. पेटींतील पिलांस मात्र पहिल्या आठवड्यांत ८६ ते ९० अंश फॅरनहाइट ऊब पाहिजे. पुढें दर आठवड्यास पांच-सहा अंश कमी करावी. डालग्याखालीं अथवा पुठ्ठ्याच्या गोल कुंपणांत विजेचा दिवा टांगून हें साधतें. उष्णतामापकापेक्षां पिलेंच खरें सांगतात. दिव्याखालीं दाटी करून ओरडूं लागलीं तर थंडी आहे; दूर पळून चोंच उघडून धापा टाकूं लागलीं तर उष्णता फार आहे; सर्वत्र विखरून निवांत बसलीं तर ऊब बरोबर आहे.

खालीं वर्तमानपत्राचा कागद घालूं नये. त्यावर पाय घसरून पिलें कायमचीं फेंगडीं होतात. गोणपाट घालावें व तें रोज बदलावें. उंदीर, घूस, मुंगूस, साप व कावळे यांपासून रक्षण करण्यास बारीक जाळी आवश्यक आहे. एक घूस एका रात्रींत सबंध रवण नाहींशी करते.

पाणी: किती व केव्हां

बदकाचें पिलूं कोरडें खाद्य पाण्यावांचून गिळूं शकत नाहीं. तें घशांत अडकतें. म्हणून खाद्य असेल तेथें पाणी असलेंच पाहिजे, आणि पाण्याचें भांडें इतकें खोल असावें कीं पिलाची चोंच नाकपुड्यांपर्यंत बुडावी. नाहींतर नाकपुड्या व डोळे घाणीनें भरतात. परंतु सारें अंग बुडेल असें भांडें नको. भांड्यांत चार गोटे ठेवले म्हणजे झालें.

बदक जन्मतः पोहतें, म्हणून पहिल्याच दिवशीं पिलांस तळ्यांत सोडण्याचा मोह होतो. आईखालीं निघालेल्या पिलांस तिच्या पिसांवरील तेलाचा स्पर्श मिळतो व तीं भिजत नाहींत. कोंबडीखालीं अथवा पेटींत निघालेल्या पिलांस तो मिळत नाहीं. तीं भिजून गारठतात व मरतात. दोन-तीन आठवडे त्यांस पाण्यांत व पावसांत सोडूं नये. त्यानंतर उन्हाच्या वेळीं, उथळ पाण्यांत, थोडा थोडा वेळ सोडावें. त्या दिवशीं दाई कोंबडी कांठावर धांवत आक्रोश करते तें पाहवत नाहीं. पण पिलें सुखरूप असतात. कोंबडी दोन-तीन दिवसांत सरावते.

खाद्य, आणि एक महाग पडलेली चूक

पहिले दोन-तीन दिवस तांदळाची मऊ शिजविलेली कणी व उकडून कुसकरलेलें अंडें द्यावें. पुढें तीन आठवडे खालील मिश्रण ओलें करून, पण चिकट न होऊं देतां, दिवसांतून चार-पांच वेळां द्यावें:

मक्याचा भरडा ४२ भाग, भाताचा ताजा बारीक कोंडा २० भाग, सोयाबीनची पेंड २५ भाग, बिनमिठाची सुकी मासळी १० भाग, शिंपल्यांचा चुरा व खनिजमिश्रण ३ भाग.

यांत पोषक नत्रद्रव्य शेंकडा २० च्या वर येतें. तीन आठवड्यांनंतर मासळी व पेंड कमी करून कोंडा वाढवावा. खारविलेली मासळी मुळींच वापरूं नये. जास्त मीठ पिलांस विषासारखें बाधतें. बदकाच्या पिलास नायसिन नांवाचें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलाच्या जवळजवळ दुप्पट लागतें. तें कमी पडल्यास पाय वांकडे होतात. कोंबडीच्या पिलांचें विकतचें खाद्य देतांना त्यांत थोडें यीस्ट मिसळावें, आणि औषध घातलेलें खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये.

आतां ती चूक. पहिल्या वर्षीं माझ्या दुसऱ्या रवणींत नऊ पिलें निघालीं व दहा दिवस उत्तम वाढलीं. सोयाबीनची पेंड संपली, म्हणून घरांतील भुईमुगाची पेंड दिली. गोणीचा तळ पावसाच्या ओलीनें किंचित् हिरवट झाला होता. वरची पेंड चांगली दिसली म्हणून तीच घेतली, आणि वास जावा म्हणून शिजवूनहि दिली. चौथ्या दिवशीं पिलें खाईनाशीं झालीं, पाय लटपटूं लागले, आणि मान मागें टाकून एकामागून एक मरूं लागलीं. आठवड्यांत सहा गेलीं. त्याच पेंडीवर कोंबडीचीं पिलें मात्र जिवंत राहिलीं, म्हणून कारण कित्येक दिवस उमगलें नाहीं. पशुवैद्यानें मेलेलें पिलूं चिरून यकृत दाखविलें, तेव्हां उलगडा झाला.

हें विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी व त्यांबरोबर बदकांचीं पिलेंहि अशींच मेलीं. शोध करतां तें विष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीपासून निघालें. बदकाचें पिलूं या विषाला इतकें नाजूक कीं, पुढें कित्येक वर्षें या विषाची परीक्षा एका दिवसाच्या बदकपिलांवरच करीत असत. शिजविल्यानें तें नष्ट होत नाहीं, आणि बुरशी डोळ्यांना न दिसली तरी विष असूं शकतें. म्हणून पावसाळ्यांत भुईमुगाची पेंड बदकपिलांस देऊंच नये. मकाहि कडक वाळलेला, ताजा दळलेला असावा. आणि ओलें खाद्य दोन तासांहून अधिक पडूं देऊं नये. ज्या गोणीची शंका येईल, ती पक्ष्यांस व दुभत्या जनावरांसहि न देतां टाकून द्यावी. विष दुधांतहि उतरतें.

रोग

बदक हें कोंबडीपेक्षां काटक आहे, परंतु दोन रोग कळप नाहींसा करतात. एक बदकांचा प्लेग, जो विषाणूपासून होतो. दुसरा बदकांचा कॉलरा. दोन्हींच्या लशी आहेत. कॉलऱ्याची साधारण महिन्याच्या वयास व प्लेगची आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्यानें टोंचावी. साचलेल्या, कुजट पाण्यांत मेलेलीं जनावरें असतील तर त्यांतील विषानें मान लुळी पडते. तसें डबकें बुजवावें.

२००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लूचा उपद्रव झाला, तो अनेकांस आठवत असेल. बदक हा रोग बाहेरून कांहींहि न दाखवितां अंगांत बाळगूं शकतें. म्हणून रानबदकें उतरतात त्या तळ्यावर आपलीं बदकें सोडूं नयेत, बदकें व कोंबड्या रात्रीं एका खुराड्यांत ठेवूं नयेत, आणि एकाएकीं अनेक पक्षी मेल्यास तीं लपवून न ठेवतां ताबडतोब दवाखान्यास कळवावें.

भातखाचरांत बदकें

जपानांतील फुकुओका प्रांतांतील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्यानें १९८८ पासून भात व बदकें यांची एकत्र शेती करून दाखविली. बदकें किडे व गोगलगाई खातात, कोंवळें तण उपटतात, पाणी ढवळून गढूळ करतात व विष्ठेचें खत देतात; भाताचें पान मात्र तीं सहसा खात नाहींत. दहा गुंठ्यांस पंधरा ते वीस पिलें पुरतात.

कोंकणचा हंगाम याला चांगला जुळतो. मृगाच्या आरंभीं, समजा ६ जूनला, अंडीं बसविलीं तर ४ जुलैस पिलें निघतात. लावणीनंतर रोपें मूळ धरीपर्यंत, म्हणजे २५ जुलैच्या सुमारास, पिलें तीन आठवड्यांचीं होतात. तेव्हां दिवसा थोडा वेळ खाचरांत सोडण्यास आरंभ करावा व सायंकाळीं कोरड्या निवाऱ्यांत आणावीं. पोटरींतून लोंबी बाहेर पडूं लागतांच बदकें काढावीं, नाहींतर दाणा खातील. कापणीनंतर सांडलेला दाणा वेंचण्यास पुन्हां सोडावीं. साडेचार-पांच महिन्यांनीं, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, माद्या अंड्यांवर येतात. ज्या खाचरांत बदकें आहेत, तेथें व त्याच्या वरच्या अंगास कीटकनाशकाची फवारणी करूं नये.

दीड-दोन महिन्यांचीं झालीं कीं नर-मादी ओळखतां येतात. मोठ्यानें ओरडते ती मादी. घोगरा, दबलेला आवाज तो नराचा. पुढें नराच्या शेंपटीवर वर वळलेलीं एक-दोन पिसें येतात. जरुरीपुरता नर ठेवून बाकीचे काढावे. कोंडून पाळलेल्या मादीस दिवसाला १२० ग्रॅमच्या वर, म्हणजे वर्षाला सुमारें ४४ किलो खाद्य लागतें. चरण्यास रान व पाणी असल्यास यांतील बरेंचसें वाचतें. बदकाचा फायदा आहे तो याच बचतींत. ज्याच्यापाशीं पाणथळ जागा नाहीं व सारें खाद्य विकत घ्यावें लागेल, त्यानें या भानगडींत पडूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

शेवटीं इतकेंच सुचवावयाचें कीं, आरंभ लहान असावा. एक कोंबडी, आठ-दहा अंडीं व एक वही. वहींत अंडीं बसविल्याची तारीख, दर आठवड्याचें वजन, वांझ किती, मेलीं किती, निघालीं किती, हें लिहून ठेवावें. पहिल्या रवणींत अर्धीं पिलें निघालीं तरी निराश होऊं नये. न फुटलेलें अंडें फोडून पाहावें, म्हणजे चूक कोणत्या आठवड्यांत झाली तें कळतें. वाचकांपैकीं जे हा प्रयोग करतील, त्यांनीं आपल्या वहींतील आंकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावे. फसलेल्या रवणीचे आंकडेहि तितकेच उपयोगी आहेत.